चिऱ्याच्या भिंतीला ओल, १५,००० रुपयांत पडवी कशी सजवू?

वेंगुर्ल्यात जुनं कौलारू घर आहे, भिंती चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या), वर सिमेंटचा गिलावा. १२ बाय ८ फुटांची पडवी गणपतीआधी देखणी करायची आहे.

गेल्या वर्षी प्लास्टिक इमल्शन मारलं, पहिल्याच पावसात पोपडे धरले. वॉलपेपर तर श्रावणापर्यंतही टिकला नाही (शहाणपणा माझाच). कौलं परतून झालीत, वरून गळत नाही. ओल जोत्याकडून तीनेक फूट चढते. बसायला फणसाचा जुना बाक आहे, फर्निचर नको. चुन्यावर गंजिफासारखी (सावंतवाडीचे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते) रंगीत किनार काढावी असं मनात आहे.

गवंडी म्हणतो, खालचा गिलावा काढून चिरा उघडाच ठेवा. तसं करू, की इमल्शन खरवडून सगळीकडे चुना मारू? आणि खाऱ्या हवेत चुन्यावर कुठला रंग टिकतो?