नेहमीची वाट सोडून रहस्यकादंबरी वाचावी का?

तापीकाठ, जळगाव:
माझे वाचन प्रामुख्याने कवितेचे आणि ग्रामीण कादंबरीचे. बहिणाबाई आमच्या असोद्याच्या आणि नेमाडे यावल तालुक्यातल्या सांगवीचे, त्यामुळे मातीतून आलेले लेखन तेवढेच खरे साहित्य, अशी धारणा इकडच्या वाचकांत सहज रुजते. यंदा मे महिन्यात, दुपारी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकवत नव्हते तेव्हा, वाचनालयातून एक रहस्यकादंबरी आणली. तिच्या दुसऱ्या प्रकरणात घरची सून पाहुण्यांचे चहाचे कप विसळताना मोजते आणि एक कप जास्त भरतो. हे वाक्य घरगुती वर्णनाच्या ओघात येऊन जाते. पुढे सगळ्या खुनाचा उलगडा त्या एका कपावर उभा राहतो. इतके सावध वाचन माझ्याकडून कोणत्याही गंभीर कादंबरीने करवून घेतले नव्हते. म्हणून माझे आग्रहाचे म्हणणे असे की, गंभीर वाचकाने हा प्रकार मुद्दाम वाचावा.

केळीबाग, रावेर:
मी असहमत आहे. वाचनालयातल्या अशा पुस्तकांत आधीच्या एखाद्या वाचकाने खुन्याच्या नावाखाली पेन्सिलीने रेघ मारून ठेवलेली असते, आणि तेवढ्या रेघेने पुस्तक संपते. बहिणाबाईंची ‘अरे संसार संसार’ कितीदाही म्हटली तरी शिळी होत नाही. माझा खरा आक्षेप मात्र याहून मोठा आहे. ज्याचा खून झाला त्याच्यासाठी या कादंबऱ्यांत कोणी रडत नाही. घरात प्रेत पडलेले असते आणि सगळे जण आपण रात्री कुठे होतो, याचा हिशेब देत बसतात. आपल्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारचे भाकरी घेऊन येतात. माणूस जाण्याचा अर्थ ज्या लेखनाला कळत नाही, त्यासाठी मी माझा वेळ का द्यावा?

बोरी, अमळनेर:
या प्रकाराला स्वतःची शिस्त आहे, हे नोंदवावेसे वाटते. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूने १९२९ मध्ये रहस्यकथेसाठी दहा नियम मांडले. गुन्हेगाराचा उल्लेख कथेच्या सुरुवातीच्या भागातच यायला हवा आणि गुप्तहेराला सापडलेला दुवा वाचकापासून लपवता कामा नये, हे त्यातलेच. लेखकाने वाचकाशी इतक्या प्रामाणिकपणे वागावे, अशी अट अन्य कोणत्या साहित्यप्रकाराने घालून घेतली आहे? शिवाय बाबूराव अर्नाळकरांच्या हजारावर रहस्यकथांनी मराठी घरांत वाचनाची जी गोडी लावली, तिचे ऋण गंभीर साहित्यानेही मान्य करायला हवे.

केळीबाग, रावेर:
गोडी लागली, हे मान्य. पण नियम पाळले म्हणून साहित्य होत नाही. नियम बुद्धिबळालाही असतात.

तापीकाठ, जळगाव:
केळीबाग यांचा शोकाविषयीचा आक्षेप मला मोलाचा वाटतो आणि पुष्कळ रहस्यकादंबऱ्यांना तो लागू पडतो. मी वाचलेल्या कादंबरीत मात्र जास्तीचा कप मृताचाच निघतो. सून सवयीने त्याच्यासाठीही चहा ओतते आणि तो गेला आहे, हे भरला कप हातात घेतल्यावर तिच्या ध्यानात येते. दुवाही तोच आणि दुःखही तेच. पेन्सिलीच्या रेघेबद्दल सांगायचे तर, गुन्हेगार ठाऊक असताना मी ती दुसऱ्यांदा वाचली, तेव्हा त्याच्या प्रत्येक साध्या बोलण्याला दुसरा अर्थ दिसू लागला. त्याने सुनेला दिलेला धीरसुद्धा आता ऐकवत नव्हता.

केळीबाग, रावेर:
कपाचे आपण सांगितले तसे असेल, तर ती एक कादंबरी मी वाचेन. बाकीच्यांबद्दलचे माझे मत कायम आहे. पण वाचताना मी सुनेकडे लक्ष ठेवीन, खुन्याकडे नाही.