दुखणं कमी झालं, पण ताकद का नाही?
तुमच्या आईंच्या अंगठ्याच्या मुळाशी झीज आहे, फिजिओथेरपिस्टनी सांधा हाताने ओढून-सरकवून दिल्यावर दुखणं कमी झालं, पण बरणीचं झाकण अजून फिरत नाही, असं तुम्ही लिहिलंय. उपचार फसला असं कृपया समजू नका. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत याच सांध्यावर काल्टेनबोर्न पद्धत (सांधा हाताने ओढून-सरकवण्याचीच एक रीत) वापरली, तेव्हा दाबाने होणारं दुखणं कमी झालं, चिमटीची ताकद मात्र वाढली नाही. ताकद स्नायूंची, त्यांना भार हवाच. ब्रिटनमध्ये आमवाताच्या ४९० रुग्णांवर झालेल्या अभ्यासात (२०१५) हातांच्या नेमक्या व्यायामांनी रोजची कामं सुधारली. आजार वेगळा, तरी दिशा मला पटते. दुखणं शांत आहे तोवरच थेरपिस्टना व्यायाम विचारून घ्या. सांधा लाल, गरम झाला असेल त्या दिवशी मात्र जोर नकोच.