आय५-९६००के पहिल्यांदाच ओव्हरक्लॉक करत आहे: ४.८ गिगाहर्ट्झला चाचणीत एकच वर्कर थांबतो, मदत हवी आहे

नमस्कार. माझ्या डेस्कटॉपमध्ये इंटेल कोअर आय५-९६००के प्रोसेसर, झेड३९० चिपसेटचा मदरबोर्ड आणि दोन पंख्यांचा टॉवर एअर कूलर आहे. मी ब्लेंडरमध्ये ॲनिमेशनचे काम करते. माझी दृश्ये ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीत मावत नसल्यामुळे रेंडरिंग प्रोसेसरवरच करावे लागते, आणि रात्री झोपताना लावलेले काम साधारण सात तास चालते. सहाही कोअर एकदम कामाला लागले की मूळ सेटिंगमध्ये वेग ४.३ गिगाहर्ट्झवर स्थिरावतो. हा प्रोसेसर अनलॉक्ड (वेग बदलू देणारा) असूनही इतकी वर्षे मी बायोसला (मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगांना) हात लावला नव्हता. या आठवड्यात पहिल्यांदाच ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगाच्या वर चालवणे, करून पाहिले आणि एका ठिकाणी अडले आहे.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची असे ठरवून मी सुरुवातीला रॅमचे एक्सएमपी (रॅमचा वेग वाढवणारे तयार सेटिंग) बंद केले, म्हणजे बिघाड झालाच तर तो रॅममुळे की प्रोसेसरमुळे हा गोंधळ राहणार नाही. बेस क्लॉक १०० मेगाहर्ट्झवर तसाच ठेवून सर्व कोअरचा मल्टिप्लायर (बेस क्लॉकला गुणणारा आकडा) ४७, म्हणजे वेग ४.७ गिगाहर्ट्झ केला आणि व्होल्टेज ‘ऑटो’वर सोडले. ही चूक होती. बोर्डाने आपणहून १.३७ व्होल्ट दिले, आणि सिनेबेंच (प्रोसेसरवर रेंडरिंगचा भार टाकणारी चाचणी) सुरू केल्यावर मिनिटभरातच तापमान ९६ अंशांवर गेले. या प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० अंश आहे हे ठाऊक असल्यामुळे मी चाचणी तिथेच थांबवली आणि पुढे व्होल्टेज स्वतःच ठरवायचे असे पक्के केले.

त्यानंतर ४६ चा मल्टिप्लायर आणि १.२५ व्होल्ट या जोडीवर सिनेबेंच आर२३ ची अर्ध्या तासाची चाचणी निर्धोक पार पडली, तापमान ७५ अंशांच्या आसपास राहिले. तेवढ्याच व्होल्टेजवर ४८ केल्यावर मात्र विंडोज सुरू होताच निळी स्क्रीन आली आणि तिच्यावर ‘व्हीया अनकरेक्टेबल एरर’ असे लिहिलेले होते. मग ०.०१ व्होल्टच्या पायऱ्यांनी वर जात १.२९ व्होल्टला पोहोचले, तेव्हा सिनेबेंच पुन्हा पूर्ण झाले, तापमान ८४ अंश. काम झाले असे समजून मी त्या रात्री रेंडर लावला.

सकाळी २१४ क्रमांकाच्या फ्रेममध्ये भिंतीच्या सावलीत चार-पाच काळे ठिपके दिसले. आधीच्या आणि नंतरच्या फ्रेममध्ये ते नव्हते, आणि तीच फ्रेम मूळ सेटिंगवर पुन्हा रेंडर केल्यावर स्वच्छ आली. शंका आली म्हणून प्राइम९५ ची, प्रोसेसरवर जड गणितांचा भार टाकणारी, स्मॉल एफएफटी चाचणी लावली. तेविसाव्या मिनिटाला चौथा वर्कर (एकेका कोअरवर गणिते करणाऱ्या सहा भागांपैकी एक) थांबला, राउंडिंग ०.४ च्या आत अपेक्षित असताना ०.५ आले, असा संदेश त्याच्या खिडकीत होता. संगणक बंद पडला नाही, माउस नीट चालत होता, उरलेले पाच वर्कर आपापली गणिते करत होते. मला सर्वांत जास्त भीती याचीच वाटते. निळी स्क्रीन आली तर निदान कळते तरी. इथे यंत्र चुकीचे उत्तर देऊन शांतपणे पुढे जात होते.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. बायोसमध्ये १.२९ व्होल्ट दिलेले असले, तरी पूर्ण भाराखाली एचडब्ल्यूइन्फोमध्ये (तापमान आणि व्होल्टेज दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) ते १.२१ पर्यंत उतरलेले दिसते, आणि त्या चाचणीत तापमान ९५ अंश होते. माझे प्रश्न असे आहेत: ही घसरण लोड लाइन कॅलिब्रेशनने (भाराखाली व्होल्टेज किती उतरू द्यायचे हे ठरवणाऱ्या बायोसमधल्या सेटिंगने) भरून काढावी की मूळ व्होल्टेजच वाढवावे? एव्हीएक्स ऑफसेट (एव्हीएक्स या जड गणिती सूचना चालताना मल्टिप्लायर तितक्याने कमी करणारे सेटिंग) २ ठेवला तर प्राइम९५ पार पडेल असे वाचले आहे, पण तसे करणे माझ्या कामासाठी योग्य ठरेल का? आणि मुळात रात्रभर विसंबता येईल असे स्थैर्य कोणत्या चाचणीने ठरवावे?

प्रतिसाद

तुम्ही नोंदी इतक्या नीट ठेवल्या आहेत की उत्तर बरेचसे त्यांतच आहे. सिनेबेंच पूर्ण होणे म्हणजे स्थैर्य नव्हे. प्राइम९५ प्रत्येक गणिताचे उत्तर तपासते, म्हणून जी चूक तिथे पकडली गेली तीच रेंडरमध्ये काळा ठिपका होऊन उतरली असण्याची शक्यता मोठी आहे.

एव्हीएक्स ऑफसेटच्या मागे लागू नका. ब्लेंडरचे सायकल्स इंजिन प्रोसेसरवर चालताना स्वतःच एव्हीएक्स२ वापरते. ऑफसेट २ ठेवला की तुमच्या नेमक्या कामाच्या वेळी वेग ४.६ वर येईल आणि ४.८ हा आकडा फक्त एव्हीएक्स न वापरणाऱ्या कामांत दिसेल.

आता हिशेब पाहा. प्रोसेसरची उष्णता ढोबळमानाने वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ४.६ आणि १.२५ वरून ४.८ आणि १.२९ वर गेल्यास वेग ४ टक्क्यांहून थोडा जास्त वाढतो, उष्णता मात्र सुमारे ११ टक्के. तुमचे सात तासांचे काम ४.६ ला साधारण २७ मिनिटे आधी संपेल, ४.८ ला त्यात फार तर आणखी १६ मिनिटांची भर पडेल, आणि तीही आजच्या १.२९ व्होल्टवर नाही, कारण तेवढे अपुरे आहे हे तुम्ही पाहिलेच आहे. ९५ अंशांवर असताना व्होल्टेज वाढवायला जागाच उरलेली नाही.

लोड लाइन कॅलिब्रेशन मधल्या पातळीवर ठेवा. सर्वांत तीव्र पातळी निवडली की भार एकदम उतरताना व्होल्टेज क्षणभर ठरवलेल्या आकड्याच्याही वर उसळते, आणि ती उसळी सॉफ्टवेअरला दिसेलच असे नाही. काही बोर्डांवर १ ही सर्वांत सौम्य पातळी असते तर काहींवर सर्वांत तीव्र, त्यामुळे बोर्डाचे माहितीपुस्तक आधी पाहा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (संगणकातल्या घडामोडींच्या नोंदवहीत) व्हीया-लॉगरची १९ क्रमांकाची नोंदही शोधा. दुरुस्त झालेल्या हार्डवेअर चुका तिथे उमटतात, आणि निळी स्क्रीन येण्याच्या कितीतरी आधी त्या व्होल्टेज अपुरे असल्याचे सांगतात. एक्सएमपी सर्वांत शेवटी सुरू करा आणि मग मेमटेस्ट८६ ही रॅमची चाचणी वेगळी चालवा.

धागाकर्तीचा प्रतिसाद

मनापासून आभार. ब्लेंडर स्वतः एव्हीएक्स२ वापरते हे मला माहीत नव्हते, नाहीतर मी ४.८ साठी तीन रात्री घालवल्या नसत्या. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये त्या रेंडरच्या रात्रीच्या १९ क्रमांकाच्या सात नोंदी सापडल्या. आता ४६ चा मल्टिप्लायर, १.२५ व्होल्ट, लोड लाइनची मधली पातळी आणि एव्हीएक्स ऑफसेट शून्य असे ठेवले आहे. भाराखाली व्होल्टेज १.२२ वर टिकते. प्राइम९५ दोन तास चालले, तापमान ८६ च्या वर गेले नाही, सहाही वर्कर चालू राहिले. ही जोडी बायोसमध्ये प्रोफाइल म्हणून जतन केली आहे. आज रात्री २०० ते २४० या फ्रेम पुन्हा लावत आहे; सकाळी २१४ आणि इव्हेंट व्ह्यूअर दोन्ही तपासून इथे लिहीन, आणि त्यानंतरच एक्सएमपी सुरू करीन.