सपाट छपरांचं खापर बाउहाउसवर फोडू नका

रेघोट्या (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात इथे 'आपली शहरं कुणी विद्रूप केली?' असा लेख आला. उत्तर लेखकाने पहिल्याच परिच्छेदात देऊन टाकलंय: जर्मनीतल्या बाउहाउस शाळेने. सपाट छप्पर, नक्षीला बंदी, काचेच्या भिंती हे सगळं तिथून निघालं, आपल्या आर्किटेक्टांनी डोळे मिटून उचललं आणि आता पुण्यापासून सावंतवाडीपर्यंत तेच खोके उभे आहेत, असा एकूण सूर. खाली 'अगदी मनातलं बोललात' म्हणणाऱ्यांची रांग. मला राहवलं नाही, म्हणून वेगळा धागा.

ही शाळा 1919 मध्ये वायमारला सुरू झाली, 1925 मध्ये डेसाऊला हलली, शेवटचे काही महिने बर्लिनमध्ये काढून 1933 मध्ये नाझींच्या दडपणाखाली बंद पडली. जिच्या माथी आपण जगभरच्या इमारती मारतोय, त्या शाळेत 1927 पर्यंत वास्तुकलेचा विभागच नव्हता! सगळ्या कलांनी शेवटी इमारतीपाशी यावं, असं शाळेचा संस्थापक वाल्टर ग्रोपियसने जाहीरनाम्यात लिहिलं खरं, पण मुलं शिकत होती सुतारकाम, धातुकाम, विणकाम, कुंभारकाम, छपाई. डेसाऊची ती प्रसिद्ध काचेची इमारत त्याच्या खासगी ऑफिसात काढली गेली. काचेचे कोपरे असलेला फागुसचा कारखाना तर त्याने आणि आडोल्फ मायरने 1911 मध्येच हाती घेतला होता, शाळेच्या आठ वर्षं आधी.

शाळेने जगाला दिलं काय, तर शिकवायची रीत. तिथला शिक्षक योझेफ आल्बर्स वर्गात वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन यायचा. यातून काहीतरी करा, पण कागद वाया जाता कामा नये. मुलं किल्ले, जहाजं, विमानं करून आणायची. त्याने वाखाणला तो ज्या मुलाने कागदाला नुसती उभी घडी घालून तो कडेवर उभा केला होता. एरवी लोळणारा कागद घडीमुळे ताठ राहतो, हे हाताला आधी कळलं. मी स्वतः फर्निचरच्या धंद्यात आहे. पातळ पत्र्याला घडी दिली की तो वजन पेलतो, हे नव्या कारागिराला मी असंच शिकवते.

ही रीत आपल्याकडेही पोचली. बाउहाउसचाच विद्यार्थी माक्स बिल 1953 मध्ये जर्मनीत सुरू झालेल्या उल्मच्या डिझाइन शाळेचा पहिला प्रमुख. उल्मचे लोक अहमदाबादच्या एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्थेत) येऊन गेले. आणि उल्ममध्ये शिकलेले सुधाकर नाडकर्णी पवईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइन केंद्राच्या उभारणीत होते. त्यांनी उल्मच्या पदविकेसाठी घेतलेला विषय होता मुंबईचं दूधकेंद्र. हा प्रभाव कुणाला दिसत नाही, दिसतात फक्त खोके. ते खोके एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येईल याची मर्यादा), बिल्डर आणि आपली स्वतःची हाव यांनी बांधलेत.

---

कौलारू_दापोली

ठाम असहमत. विभाग नव्हता वगैरे वकिली मुद्दे झाले. ग्रोपियस 1937 मध्ये हार्वर्डला गेला, शाळेचा शेवटचा प्रमुख मीस 1938 मध्ये शिकागोला, आणि तिथून जे आर्किटेक्ट तयार झाले त्यांनी जगभर काय बांधलं ते सांगा ना. शाळा बंद झाली म्हणून शिकवणूक बंद होते का?

आमच्या आजोबांचं कौलारू घर साठ पावसाळे उभं होतं. काकांनी ते पाडून स्लॅबचं बांधलं, कारण 'आता असंच बांधतात'. तिसऱ्या पावसाळ्यात माजघराच्या भिंतीला ओल आली. मग डांबर, मग रसायनाचे दोन हात, मग शेवटी स्लॅबवर लोखंडी सांगाडा आणि निळा पत्रा. कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. डेसाऊला सहाशेच्या आत. तिकडचं छप्पर इकडे आणायचं डोकं कुणाचं? कुणीतरी 'सपाट म्हणजे आधुनिक' हे डोक्यात भरवलं म्हणूनच ना?

---

माळवद

कोकण म्हणजे अख्खा महाराष्ट्र नव्हे, दापोलीकर. आमच्याकडे सोलापूर, धाराशिव, बीड पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या माळवदाची घरं आहेत. लाकडी तुळया, वर किलच्या (लाकडाच्या बारीक फळ्या), वर पांढऱ्या मातीचा थर. पूर्ण सपाट. उन्हाळ्यात वर झोपायचं, धान्य वाळवायचं, कुरडया-पापड घालायचे. दरवर्षी पावसाआधी माती टाकून चोपून घ्यायची. आमच्या आजीला बाउहाउस शिकवायला कुणी जर्मन आला नव्हता.

---

कौलारू_दापोली

@माळवद, मी कोकणाबद्दल बोलतोय, हे स्पष्ट लिहिलंय. पाऊस कमी तिथे सपाट छप्पर चालतं, माझंही तेच म्हणणं आहे. आणि दरवर्षी माती चोपावी लागायची हे तुम्हीच सांगितलंत.

---

तिसरा_मजला

माळवद असो की स्लॅब, देखभाल कोण करतं ते बोला. आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर आम्ही. दोन पावसाळे आईच्या पलंगाशेजारी बादली. कंत्राटदाराने ब्रिकबॅट कोबा (विटांचे तुकडे सिमेंटमध्ये बसवून केलेला उताराचा थर) केला म्हणून बिल लावलं. फोडल्यावर दिसलं की विटांचे तुकडे कोरडेच पसरले होते, उतार पाइपाच्या उलट दिशेला, आणि पॅरापेटच्या (कठड्याच्या) कडेला वाटाच, म्हणजे कोपऱ्यातला सिमेंटचा गोलावाच, काढलेला नाही. पाणी तिथूनच शिरत होतं. काम संपल्यावर पाणी भरून ठेवायची चाचणी घ्या म्हणून मी लेखी दिलं होतं. कमिटी म्हणाली, पाण्याची नासाडी होईल. खालच्या मजल्यांचं म्हणणं, तुमचं छत तुम्ही बघा. अहो, गच्ची सगळ्यांची आहे! यात ग्रोपियस कुठे आला?

---

रेघोट्या

@तिसरा_मजला, तुमचा त्रास खरा आहे, पण कृपया गळतीचा वेगळा धागा काढा. विषय शाळेचा आहे.

---

माळवद

गळती हाच विषय आहे. लोकांना छपराखाली राहायचं असतं. आणि दापोलीकर, तुमची ती कौलं मंगलोरी होती की नळीची? मंगलोरी असतील तर ती 1865 मध्ये बासेल मिशनच्या कारखान्यात सुरू झाली. गेओर्ग प्लेब्स्ट नावाच्या जर्मन मिशनऱ्याने सुरू केली. परदेशी शाळेचं छप्पर नको आणि परदेशी मिशनचं कौल मात्र आजोबांचं?

---

कौलारू_दापोली

मंगलोरीच होती. त्याने काय सिद्ध झालं? ते कौल पावसाला टिकलं, बदलायला सोपं होतं, एक फुटलं तर घरचा माणूस शिडी लावून दुसरं बसवायचा, म्हणून कोकणाने ते आपलंसं केलं. बाहेरून आलेल्या गोष्टीला माझा विरोध नाही, न टिकणाऱ्या गोष्टीला आहे. दर वेळी माझ्या गावावरून टोमणे मारायचे असतील तर मला इथे लिहायचंच नाही.

---

पहिलं_वर्ष_नापास

रेघोट्याताईंना एक विचारायचंय. तुम्ही ज्या रीतीचं कौतुक करताय ती मी भोगली आहे. आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षी सहा महिने काळे चौकोन, पिवळे त्रिकोण, कागदाच्या घड्या. का करायचं हे कुणी सांगितलं नाही. सरांना स्वतःला ते त्यांच्या सरांनी करायला लावलं होतं, एवढंच कारण. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी वर जो वाटा लिहिलाय, तो मला पाच वर्षांत एकाही प्राध्यापकाने दाखवला नाही. साइटवर गवंड्याने दाखवला.

शाळेचा सगळ्यात खोल ठसा हवा असेल तर एर्न्स्ट नॉयफर्ट बघा. बाउहाउसच्या अगदी पहिल्या विद्यार्थ्यांपैकी, पुढे ग्रोपियसच्या ऑफिसात. त्याने 1936 मध्ये काढलेला मापांचा जाडजूड ग्रंथ आजही आपल्या प्रत्येक ड्रॉइंग बोर्डाशेजारी असतो. जिना किती, ओटा किती, पलंगाभोवती जागा किती. ती मापं युरोपातल्या माणसाच्या शरीराची. माझी आई पाच फुटांची आहे, आयुष्यभर पाटावर उभी राहून पोळ्या लाटते, कारण ओटा कुणीतरी पुस्तकात बघून बांधला.

---

रेघोट्या

नॉयफर्टचा मुद्दा वजनदार आहे, तो मी नाकारणार नाही. पण 'का' न सांगता घड्या घालायला लावणं हे आल्बर्सच्या नेमकं उलट आहे. प्रत्येक तासाला सगळी कामं जमिनीवर मांडून चर्चा व्हायची. आपल्या कॉलेजांनी अभ्यास उचलला आणि चर्चा टाकून दिली. त्याचा जाब कॉलेजांना विचारा.

---

कौलारू_दापोली

म्हणजे चांगलं झालं की श्रेय शाळेचं, वाईट झालं की कॉलेजं, बिल्डर आणि गवंडी जबाबदार. सोयीचं आहे.

ग्रोपियसने स्वतः केलेलंच घ्या. डेसाऊजवळ ट्यॉर्टेनची वसाहत, 1926 ते 28, 314 घरं, कामगारांसाठी. खिडक्या इतक्या उंच की बसल्या जागेवरून बाहेर दिसेना. लोकांनी त्या फोडून आपापल्या बसवल्या. तिथे ना एफएसआय होता ना पुण्याचा बिल्डर. राहणाऱ्याला न विचारता बांधलं की असंच होतं.

---

रेघोट्या

ट्यॉर्टेनमध्ये चुका झाल्या, कबूल. पण प्रत्येक घरामागे भाजीपाल्याला बाग होती, आणि भिंतीचे ठोकळे जागेवरच पाडून कामगाराला परवडेल असं घर देण्याचा तो प्रयत्न होता. त्याच वसाहतीत ग्रोपियसनंतरचा प्रमुख हानेस मायर याच्या हाताखाली विद्यार्थ्यांनी 1930 मध्ये गॅलरीवाल्या चाळी बांधल्या. लोकांची गरज आधी, चैन नंतर, हा त्याचा आग्रह. त्याच वर्षी डाव्या राजकारणापायी त्याला काढलं. 'बाउहाउस' म्हणून तुम्ही एकाच माणसाला धोपटताय.

आणि कोकणाचंच बोलायचं तर आर्किटेक्ट अच्युत कानविंदे आचऱ्याचे. हार्वर्डला ग्रोपियसकडे शिकले. परत येऊन आयआयटी कानपूर केलं, तिथे उन्हापावसातून जायला आच्छादित मार्ग आहेत. मेहसाण्याच्या दूधसागर डेअरीवर हवा खेळती राहावी म्हणून उंच धुराडी काढली. तेच शिक्षण घेतलेल्या माणसाने आपलं हवामान बघितलं की नाही?

---

कौलारू_दापोली

कानविंदे मोठे माणूस, त्यांच्याबद्दल वाद नाही. पण डोकं त्यांचं होतं. ते आचऱ्याच्या पावसात वाढले होते.

---

धोटा

इतका वेळ छप्पर आणि ओटा. ज्यांचं काम त्या शाळेत सगळ्यात भक्कम झालं त्या बायकांचं नाव कुणीच घेतलं नाही. स्त्री-पुरुष भेद नाही असं सांगून शाळा उघडली, अर्ज भराभर आले, तशी ग्रोपियसने मुलींची निवड कडक केली आणि आलेल्यांना विणकामाकडे वळवलं. योझेफची बायको आनी आल्बर्स तिथे नाइलाजाने गेली. गुंटा श्ट्योल्त्सल विद्यार्थिनी म्हणून आली आणि 1927 मध्ये त्याच विभागाची प्रमुख झाली.

बेर्नाउच्या कामगार संघटनेच्या शाळेतल्या सभागृहासाठी आनीने भिंतीला लावायचं कापड विणलं. आवाज शोषायला एका बाजूला शेनिल (मऊ, लवदार सूत), उजेड परतवायला दुसऱ्या बाजूला सेलोफेन, दोन्ही एकाच विणीत बांधलेलं. 1930 सालची गोष्ट. मी इचलकरंजीत मागावर डॉबी (नक्षी उतरवणारं यंत्र) लावते, मला विचारा असं दोन तोंडांचं कापड सरळ उतरवणं काय असतं. ताण जरा कमीजास्त झाला की सेलोफेन चिरतं आणि मागचं सूत गोळा होतं.

ओटी बेर्गरचं विणकाम तर थेट कारखान्यांत जाणारं होतं. ती ज्यू होती, 1944 मध्ये आउश्वित्झला मारली गेली. आणि त्याच छळछावणीच्या आराखड्यांवर काम करणारा फ्रिट्झ एर्टल हाही बाउहाउसचाच विद्यार्थी. शाळेने अमुक दिलं, तमुक बिघडवलं असं सरसकट बोलणाऱ्या दोन्ही बाजूंनी ही दोन नावं शेजारी ठेवावीत.

---

पहिलं_वर्ष_नापास

एर्टलचं नाव मला कुठल्याही वर्गात ऐकू आलं नव्हतं. बेर्गरचंही नाही. पाच वर्षांत चार नावं ऐकली, चारही पुरुषांची. धोटाताई, त्या कापडाचा नमुना कुठे बघायला मिळेल? आणि तुमच्याकडे मागावर येऊन बसलं तर चालेल का?

---

धोटा

नमुने परदेशातल्या संग्रहालयांत आहेत, फोटो मात्र सहज मिळतात. मागावर खुशाल या. सोमवारी वीज नसते, तो वार सोडून.

---

कौलारू_दापोली

त्या कापडाला माझा नमस्कार, मनापासून. छपराबद्दलचं माझं मत तेच आहे, आणि काकांचा निळा पत्रा बघायला दापोलीला कुणीही यावं, जुलैमध्ये.

---

तिसरा_मजला

जुलैमध्ये माझी गच्ची पुन्हा फोडायची आहे, त्यामुळे जमणार नाही. कुणाकडे उतार नीट काढणारा माणूस असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पाणी भरून चाचणी द्यायला तयार असणाराच हवा.