लग्नाच्या चित्रीकरणाची फाइल लहान करताना
मिनी-डीव्ही कॅसेटवरून संगणकावर उतरवलेल्या लग्नाच्या चित्रीकरणाचा बिटरेट (दर सेकंदाला वापरला जाणारा डेटा) सरसकट १ एमबीपीएसवर, म्हणजे सेकंदाला १ मेगाबिटवर, आणावा, असा सल्ला दिला जातो; त्याच्याशी मी सहमत नाही. शांत दृश्याला तेवढा पुरेल, पण अक्षता पडताना किंवा वरातीत सगळे नाचत असताना चित्राचे चौकोनी ठोकळे दिसू लागतील. त्याऐवजी हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये एच.२६४ ही संकुचित करण्याची पद्धत निवडून ‘कॉन्स्टंट क्वालिटी’ (दर्जा स्थिर ठेवणारी सेटिंग) २० च्या आसपास ठेवावी (आकडा जितका लहान, तितका दर्जा चांगला आणि फाइल मोठी), म्हणजे अवघड दृश्यांना अधिक आणि सोप्या दृश्यांना कमी बिट आपोआप मिळतात, आणि तासाला सुमारे १३ जीबी जागा घेणारी मूळ फाइल बरीच आटोपशीर होते.

डीइंटरलेस करणे, म्हणजे ओळींत विभागलेले चित्र सलग करणे, मात्र अजिबात विसरू नये. या चित्रीकरणात प्रत्येक चौकट एकाआड एक ओळींच्या दोन भागांत नोंदलेली असते, आणि ती तशीच ठेवली तर संगणकाच्या पडद्यावर हलत्या हाताच्या कडेला कंगव्यासारखे दाते दिसतात. चित्राचे ७२० × ५७६ पिक्सेल हे मूळ मापही वाढवू नये. तयार फाइल गूगल ड्राइव्हवर ठेवून नातेवाइकांना दुवा पाठवावा, कारण व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने व्हिडिओ पाठवल्यास तो पुन्हा संकुचित होतो.