मदत हवी आहे: हॅमिल्टनमध्ये विसर्जन आणि निर्माल्य

नमस्कार मंडळी, आम्ही कॅनडात, ऑन्टारिओत हॅमिल्टनला राहतो, तेच ते स्टीलच्या कारखान्यांचं गाव. घरात दीड दिवसाचा गणपती असतो. लेक ओंटारिओ इतका जवळ की सासूबाईंचं म्हणणं, हार्बरकाठच्या बेफ्रंट पार्कला जाऊन हळूच सोडून येऊ, कोण बघतंय! पण मला नाही पटत. या हार्बरच्या तळाशी आधीच कारखान्यांचा डांबरी गाळ, त्यात २०१४ ते २०१८ हार्बरकडेच वाहत येणाऱ्या चिडोक क्रीकमध्ये (ओढ्यात) तब्बल २४०० कोटी लिटर सांडपाणी गेलं, आता अजून आपण कशाला भर घालायची?

गेल्या वर्षी शाडूची मूर्ती बादलीत विसर्जित केली, ती दोन दिवस विरघळेचना, सोंड गेली आणि पोट तसंच, मुलगा रोज वाकून बघायचा. पाणी दोनदा बदललं. ते शेवटी बाल्कनीतल्या तुळशीला घातलं तर माती सिमेंटसारखी घट्ट झाली 😅

तर कोणाला माहितीये का, शाडूचा गाळ टाकायचा कुठे? आणि आमच्या बिल्डिंगला ग्रीन बिन (ओल्या कचऱ्याचा डबा) नाही, मग फुलं-दुर्वांचं काय करता? मॅनेजरला दोनदा ईमेल केला, नुसतं 'बघतो'. जवळपास कोणाकडे बॅकयार्डात कंपोस्ट असेल तर प्लीज सांगा, हारातले दोरे, जरीच्या तारा सगळं काढून आणून देईन.