मदत हवी आहे : घरचे जेवण ताटात नेटके कसे वाढावे?

नमस्कार मंडळी. मी नाशिकला पंचवटीत राहते. पुढच्या महिन्यात केळवणासाठी घरी पंधरा-वीस माणसे जेवायला येणार असून सगळा स्वयंपाक घरीच करणार आहोत. ताट वाढण्याची आपली जुनी रीत मला मनापासून आवडते : मध्यभागी वर मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, लोणचे, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या आणि समोर तूप घातलेली वरणभाताची मूद. तिच्यात रंग आणि चवी आपोआप विभागल्या जातात, त्यामुळे ती मला मोडायची नाही.

अडचण काळ्या मसाल्याच्या रश्शाची आहे. वाटी काठोकाठ भरली की उचलताना तेलाचा तवंग ओघळतो, त्याची तांबूस कड पांढऱ्या भाताला लागते आणि पाहता पाहता सगळे ताट मळकट दिसू लागते. वाटी अर्धी ठेवली तर वाढणाऱ्याचा हात आखडता वाटतो. द्राक्षांच्या कोशिंबिरीलाही मीठ लागताच पाणी सुटते आणि ते चटणीपर्यंत पोहोचते. दही घट्ट बांधून घ्यावे, की मीठ अगदी वाढतेवेळी घालावे?

भांडी बाजारातून पितळी वाट्या घ्यायचा विचार होता, परंतु आंबट पदार्थांसाठी कल्हई लागते, म्हणून स्टीलच्याच खोलगट वाट्या बऱ्या वाटतात. तुमचा अनुभव काय आहे? एवढ्या पानांवर मुदी एकसारख्या आणि गरम कशा पडतील, हेही कृपया सविस्तर सांगावे.